दोनशे खुर्च्या आणि साठ माणसे

सांस्कृतिक समितीचे काम माझ्याकडे आले त्या वर्षी पहिल्याच कार्यक्रमाला मी सभागृहात दोनशे खुर्च्या मांडून घेतल्या होत्या. महाविद्यालयाची पटसंख्या साडेतीनशेच्या आसपास, त्यातले निम्मे तरी येतील, शिवाय प्राध्यापक आणि शेजारपाजारचे रहिवासी, असा माझा साधा हिशेब होता. प्रत्यक्षात साठ माणसे आली, आणि ती अशा काही कौशल्याने विखुरली की कोणत्याही दोघांच्या मध्ये किमान एक खुर्ची रिकामी राहावी. पहिल्या तीन ओळी पूर्ण मोकळ्या होत्या, शेवटच्या दोन भरलेल्या होत्या आणि मधल्या भागात बसलेली माणसे गाडी चुकलेल्या उतारूंसारखी दिसत होती. वक्ते चांगले बोलले. तरीही कार्यक्रम पडला, हे आभारप्रदर्शनाच्या आधीच सगळ्यांना कळून चुकले होते.

कार्यक्रमानंतर खुर्च्यांच्या चळती लावताना सभागृह सांभाळणारे आमचे काका म्हणाले, "मॅडम, पन्नासच मांडायच्या होत्या. बाकीच्या दाराशी ठेवायच्या. माणूस आला की एक त्याच्या हातात द्यायची." हे आधी का सांगितले नाही, असे मी विचारले, तर "तुम्ही यादी घेऊनच आला होतात," एवढेच म्हणून ते पुढच्या चळतीकडे वळले. त्यांच्या सांगण्यात केवळ शोभेचा प्रश्न नव्हता, हे मला पुढे ध्वनियंत्रणा लावताना समजले. माणसांची शरीरे आणि कपडे आवाज शोषून घेतात, प्लास्टिकच्या रिकाम्या खुर्च्या आणि उघड्या भिंती तो परत फेकतात. त्यामुळे रिकाम्या सभागृहात वक्त्याचे शब्द एकमेकांवर आदळतात आणि मागे बसलेल्याला अर्धे वाक्य कळत नाही. साठ माणसे जवळजवळ बसली असती तर माईकची गरजही फारशी भासली नसती.

लहान महाविद्यालयातील बहुतेक फसलेले कार्यक्रम मला या दोनशे खुर्च्यांचेच नातेवाईक वाटतात. ते मोठ्या महाविद्यालयाच्या मापाने बेतलेले असतात. मोठा मंच, मोठा फलक, तीन दिवसांचा महोत्सव, दूरवरून आणलेला पाहुणा, आणि त्या सगळ्यासमोर आपली ठरलेली साठ माणसे. याउलट जे कार्यक्रम वर्षानुवर्षे आठवणीत राहिले, त्यांत प्रेक्षक म्हणून उरलेली माणसे फार थोडी होती, कारण जवळजवळ प्रत्येकाकडे काही ना काही काम होते.

यामागचे गणित सोपे आहे, पण ते अनुभवाशिवाय पटत नाही. नाटक करायचे तर पडदा ओढणारा एक, प्रकाश सांभाळणारा एक, ध्वनी पाहणारा एक, नेपथ्य हलवणारे चार आणि विंगेत संहिता घेऊन बसणारा एक लागतोच. महाविद्यालयात पाच हजार विद्यार्थी असोत वा साडेतीनशे, पडद्याला दोरी एकच असते. भित्तिपत्रकाला संपादक एकच लागतो, संघात खेळाडू तितकेच लागतात, निवडणुकीत प्रतिनिधी तितकेच उभे राहावे लागतात. विद्यार्थीसंख्या घटते त्या प्रमाणात कामे घटत नाहीत. मग व्हायचे ते होते. ज्याला कोणी निवडले नसते, त्यालाही बोलावणे जाते.

रॉजर बार्कर आणि पॉल गंप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे गणित कॅन्ससमधील माध्यमिक शाळांत तपासले होते आणि १९६४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी पाहिलेल्या शाळांत सर्वांत लहान शाळा ३५ विद्यार्थ्यांची होती आणि सर्वांत मोठी २,००० हून अधिक विद्यार्थ्यांची. मोठ्या शाळेत उपक्रम अर्थातच अधिक होते, पण विद्यार्थी ज्या पटीने वाढले होते त्या पटीच्या आसपासही उपक्रम वाढले नव्हते. परिणामी मोठ्या शाळेतील मूल बहुतेक वेळा पाहणाऱ्यांत असे आणि लहान शाळेतील मूल करणाऱ्यांत. हा अभ्यास शाळांचा आहे, महाविद्यालयांचा नाही, हे मला मान्य आहे, तथापि आमच्या समितीच्या हजेरीवहीत मला त्यांचेच निष्कर्ष दिसत राहतात. एकच नाव वक्तृत्वाच्या यादीत, धावण्याच्या शर्यतीत आणि ग्रंथालय समितीत सापडते, आणि त्या तिन्ही गोष्टी त्या व्यक्तीला विशेष येतातच असेही नाही.

यातला एक मुलगा मला नेहमी आठवतो. तो वर्गात बोलत नसे, प्रश्न विचारला तर उत्तर वहीत लिहून दाखवत असे. नाटकाच्या वेळी पडदा ओढणारा विद्यार्थी आजारी पडला आणि त्या दुपारी वाचनालयात एकटा बसलेला हाच सापडला म्हणून त्याला आणले. आमच्या पडद्याची दोरी जुनी आणि गुळगुळीत होती, आणि पडदा नेमका कुठे थांबवायचा हे ओढणाऱ्याला विंगेतून दिसत नसे. त्याने तासाभरात दोरीवर तीन ठिकाणी पांढरा दोरा गुंडाळून खुणा केल्या: पूर्ण उघडा, अर्धा, बंद. त्या खुणा अंधारातही बोटांना लागत असत, त्यामुळे पाहायची गरज उरली नाही. तिसऱ्या प्रवेशात कप्पीत दोरी अडकली आणि पडदा एका बाजूने खाली घसरू लागला. हा एका स्टुलावर चढला आणि प्रवेश संपेपर्यंत पडद्याची ती बाजू दोन्ही हातांनी वर धरून उभा राहिला. प्रेक्षकांना काहीच कळले नाही. मला कळले, कारण मी समोरच्या विंगेत होते आणि त्याचे दंड थरथरताना दिसत होते.

अशा गोष्टीचा शेवट पुढच्या वर्षी तो मुलगा नायकाच्या भूमिकेत चमकला, असा करण्याचा मोह होतो. तसे काही झाले नाही. तो शेवटपर्यंत मंचावर आला नाही आणि वर्गातही फारसा बोलला नाही. त्याने एक केले. शंभर पानी वही घेतली, पहिल्या पानावर 'पडदा' असे लिहिले आणि त्या नाटकात काय बिघडले, कशाने बिघडले, कोणती वस्तू कोणत्या कपाटात आहे, हे सगळे सुवाच्य अक्षरात लिहून ती वही माझ्याकडे आणून दिली.

त्या वहीचे महत्त्व समजायला मला दोन वर्षे लागली. महाविद्यालय हे विलक्षण विसराळू ठिकाण असते. दर तीन-चार वर्षांनी तिथली जवळजवळ सगळी माणसे बदलतात, आणि मागच्यांना जे ठेच लागून कळले ते पुढच्यांना पुन्हा ठेच लागूनच कळते. मोठ्या संस्थेत कार्यालय असते, कायमचे कर्मचारी असतात, ते काही आठवण सांभाळतात. लहान ठिकाणी आठवण सांभाळण्याचे काम काकांसारखी दोन-तीन माणसे करतात, आणि ती रजेवर असली की मिक्सरची जोडणी कोणालाच ठाऊक नसते. तेव्हापासून ती वही एका समितीकडून दुसऱ्या समितीकडे जाते. आता तिच्या मुखपृष्ठावर 'पडदा' हा शब्द कायम असला तरी आत सर्व काही आहे. "पाहुण्यांना वेळ अर्धा तास आधीची कळवावी." "प्रास्ताविक करणाऱ्याच्या हातात माईक देण्यापूर्वी तो किती बोलणार आहे हे विचारावे, आणि त्यात दहा मिनिटे मिळवावीत." "दीपप्रज्वलन पंख्याखाली ठेवू नये." एका पानावर केवळ एवढेच आहे: "काडेपेटी!!" त्यामागे काय घडले असेल याची कल्पना करायला फारसे कष्ट पडत नाहीत.

या सगळ्याची दुसरी बाजू मी टाळली तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. जिथे प्रत्येक माणूस लागतो, तिथे 'नाही' म्हणणे फार अवघड होऊन बसते. बार्कर आणि गंप यांच्याच परंपरेत काम करणाऱ्या एडविन विलेम्स यांना १९६७ मध्ये असे आढळले होते की, मोठ्या शाळेत अभ्यासात मागे असलेल्या, काठावरच्या मुलांना उपक्रमांत भाग घेण्याची फारशी बांधिलकी वाटत नाही, पण लहान शाळेत ती इतरांइतकीच वाटते. ही गोष्ट सहसा लहान संस्थांचे कौतुक म्हणून सांगितली जाते. मला त्यात दडपणही ऐकू येते. आमच्याकडे एक विद्यार्थिनी होती. सूत्रसंचालन तिचे, भित्तिपत्रक तिचे, वादविवादाच्या संघात तीच, आणि ऐन वेळी कोणी आले नाही तर तिथेही तीच. मी तिला प्रत्येक वेळी विचारत असे आणि ती प्रत्येक वेळी हो म्हणत असे. त्या सत्रात ती दोन विषयांत अनुत्तीर्ण झाली. निकालाच्या दिवशी ती माझ्याकडे आली तेव्हाही तिच्या हातात पुढच्या कार्यक्रमाची यादी होती. ती चूक तिची नव्हती. विचारणारी व्यक्ती गुणपत्रिकेवर सही करणारीही असते तेव्हा विचारणे आणि सांगणे यांत फारसा फरक राहत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. तेव्हापासून एका सत्रात एका विद्यार्थ्याकडे दोनपेक्षा अधिक जबाबदाऱ्या द्यायच्या नाहीत असा नियम आम्ही केला, आणि त्यापायी दोन कार्यक्रम रद्दही झाले. ते रद्द झाल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही, ही गोष्ट मात्र समितीच्या जिव्हारी लागली.

लपायला जागा नसते, हा आणखी एक भाग. मोठ्या आवारात भांडण झालेली दोन माणसे महिनोन्महिने एकमेकांना टाळू शकतात. आमच्याकडे ती दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच बैठकीत समोरासमोर बसलेली असतात, कारण नेपथ्य एकाकडे आहे आणि प्रकाशयोजना दुसऱ्याकडे. ती बोलतात का? बहुधा तिसऱ्यामार्फत. "त्याला सांग, दिवा डावीकडे हवा," असे तो समोर बसलेला असतानाच सांगितले जाते, आणि त्या तिसऱ्या बिचाऱ्याला ते शब्दशः पोहोचवावे लागते. दोन-तीन आठवड्यांत दिवा डावीकडे जातो आणि बोलणेही सुरू होते. कधी ते अजिबात सुरू होत नाही, आणि मग सगळ्या महाविद्यालयालाच बाजू घ्यावी लागते.

प्रेक्षकांविषयी थोडे लिहिले पाहिजे. १९७९ मध्ये बिब लातने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठात एक गमतीदार प्रयोग केला. विद्यार्थ्यांना शक्य तितक्या जोराने टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगितले, कधी एकट्याने, कधी गटात. गट जसा मोठा झाला तसा प्रत्येकाच्या वाट्याचा आवाज कमी होत गेला. दुसरा वाजवतो आहे तर आपण का तळहात लाल करून घ्यावेत, असे कोणी मनाशी म्हणत नसेलही, पण हात तसे वागतात. आमच्या सभागृहात मला हे उलट दिशेने दिसते. चाळीस माणसांत आपली टाळी ओळखू येते. मंचावरच्या मुलीला ती कोणी वाजवली हे दिसते आणि कोणी वाजवली नाही हेही दिसते. म्हणूनच उपस्थितीच्या सक्तीने भरवलेले सभागृह मला मुळीच आवडत नाही. व्याख्यानाला येणाऱ्यांची हजेरी लावण्याचा प्रयोग आम्ही एकदा केला. सभागृह खच्चून भरले, दीडशे मुले मान खाली घालून मोबाईल पाहत बसली आणि वक्त्यांनी अर्ध्या तासात भाषण आटोपते घेतले. सक्तीविना आलेल्या तीस जणांसमोर तेच वक्ते दोन तास बोलले असते.

आवाराबाहेरच्या लोकांना आत आणणे ही सगळ्यांत अवघड गोष्ट. निमंत्रणपत्रिका वाटून शेजारी येत नाहीत. वृक्षारोपणासारखे उपक्रम छायाचित्रापुरते होतात. खड्डे त्याच जागी दरवर्षी पुन्हा खणले जातात, यावरून आधीच्या रोपांचे काय झाले ते समजावे. आम्हाला जमलेला एकमेव उपक्रम योगायोगाने जमला. ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांचे एक कपाट होते आणि ती पुस्तके रद्दीत काढण्याचा विचार चालू होता. कुठून तरी हे ऐकून शेजारच्या इमारतीतील एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांनी आयुष्यभर पुस्तकबांधणीचे काम केले होते. "फेकू नका, मी दाखवतो," एवढेच ते म्हणाले.

एका शनिवारी आठ विद्यार्थी आणि ते, असे वाचनालयाच्या लांब मेजाभोवती बसले. त्यांनी आधी कोणाला खळीला हातच लावू दिला नाही. पुस्तकाचा कणा उघडून जुना सरस खरवडायचा, तुटलेला दोरा काढायचा, पानांचे विभाग क्रमाने लावून पुन्हा शिवायचे, आणि मगच कण्यावर सुती कापडाची पट्टी चिकटवायची. एका मुलाने घाईने ब्रश भरून खळ लावली तेव्हा कागद लगेच फुगून सुरकुतला. त्यांनी ते पान बोटाने हलकेच दाबले आणि म्हणाले, "बाळ, खळ पुसायला शिक, लावायला येईलच." जादा खळ पुसून, मेणकागद मध्ये घालून, वर शब्दकोशांचे जाडजूड खंड ठेवून पुस्तके रात्रभर दाबून ठेवली. सोमवारी सकाळी वाचनालय उघडण्याआधीच ती आठही मुले दाराशी उभी होती. त्या दिवशी बावीस पुस्तके कपाटात परत गेली, त्यातली तीन उलटी बांधलेली होती, आणि तीच सर्वांत जास्त वेळा वाचायला नेली गेली. ते गृहस्थ त्यानंतर दर महिन्याच्या एका शनिवारी येऊ लागले. पुढे त्यांच्यासोबत त्यांच्या इमारतीतली आणखी दोन माणसे आली, एकाला बांधणी येत नव्हती, पण बसायला जागा आणि बोलायला माणसे हवी होती. त्याला आम्ही पाने मोजण्याचे काम दिले.

इतर ठिकाणच्या परंपरा मी आवडीने वाचते, थोड्या मत्सरानेही. अमेरिकेतील माउंट होलिओक या स्त्रियांच्या महाविद्यालयात १८३८ पासून 'माउंटन डे' पाळला जातो. शरद ऋतूतील एका सकाळी अचानक घंटा वाजू लागतात, वर्ग रद्द होतात आणि विद्यार्थिनी डोंगरावर जातात. तो दिवस कोणता, हे आधी जाहीर केलेले नसते. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी खोऱ्यातील डीप स्प्रिंग्ज हे १९१७ मध्ये स्थापन झालेले महाविद्यालय तर आमच्याहूनही कितीतरी लहान आहे. तिथे अवघे दोन-तीन डझन विद्यार्थी असतात, गुरे राखण्यापासून शेतीपर्यंतची कामे तेच करतात आणि नव्या विद्यार्थ्यांची व प्राध्यापकांची निवड करणाऱ्या समित्यांवरही तेच असतात. इतक्या लहान ठिकाणी प्रेक्षक नावाची जात शिल्लकच राहत नसावी.

अचानक सुट्टीची कल्पना मी आमच्या बैठकीत मांडली होती. सर्वांना ती अतिशय आवडली. मात्र कोणताही उपक्रम करायचा तर आठ दिवस आधी परिपत्रक काढावे लागते, त्यामुळे परिपत्रक निघाले: "अचानक जाहीर होणारा दिवस पुढील गुरुवारी आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी." गुरुवारी घंटा वाजली तेव्हा निम्मी मुले घरीच होती. उरलेली निम्मी टेकडीवर गेली, आणि तिथून कोणी तरी मला छायाचित्र पाठवले. त्यात सगळ्यांच्या पाठी कॅमेऱ्याकडे आहेत, म्हणजे कोणालाही छायाचित्रासाठी थांबायला सांगितलेले नव्हते.

गेल्या महिन्यात वार्षिक कार्यक्रमाच्या तयारीसाठी ती वही पुन्हा माझ्याकडे आली. काका आता निवृत्त झाले आहेत आणि सभागृह समितीतली मुलेच सांभाळतात. शेवटच्या लिहिलेल्या पानावर मला अपरिचित असलेल्या एका अक्षरात नोंद होती: "खुर्च्या साठ मांडाव्यात. बाकीच्या दाराशी ठेवाव्यात. येणाऱ्याने आपली आपण घेऊन यावी." त्याखाली दुसऱ्याच पेनाने, घाईत, कोणी तरी पुरवणी जोडली होती: "आणि जाताना परत ठेवावी. काल एकतीस खुर्च्या मीच उचलल्या."